पाच नावांच्या बाहेर

जळगाव
२७ मार्च १९८९

अभिमन, आणि पाटाच्या शेपटाला ज्यांची वावरं आहेत त्या सर्वांनो,

मायना असा का, ते आधी सांगते. नुसतं 'अभिमन' लिहिलं असतं तर माझ्या भावाने पत्र वाचून घडी घातली असती आणि खिशात ठेवलं असतं. खिसा हे न्यायाचं ठिकाण नव्हे. म्हणून हे पत्र पारावर मोठ्याने वाचायचं आहे. अभिमनला वाचायची लाज वाटली तर पोस्टमनने वाचावं.

आपण सगळे शेपटाचे. पाणी बंधाऱ्यापासून निघतं आणि आपल्यापर्यंत येईतो त्याचा चिखल झालेला असतो. हे आपल्या आज्यापणज्यांनी सोसलं, कारण फडाची, एका बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून जगायची, रीत त्यांना मान्य होती. शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही. पाटकरी लावील तेव्हा पाणी, थांबवील तेव्हा कोरडं. वरच्यालाही हाच नियम, खालच्यालाही. पण पाणी जसं वरून खाली येतं, तसा आळ येत नाही, शेपटाच्या लोकांनो. आळ वरती कुठे थांबत नाही. तो थेट खालीच येतो.

परवा भिकुबाई माझ्या दारात उभी होती. पिंपळनेरहून धुळं, धुळ्याहून जळगाव, दोन गाड्या बदलून. साठीची बाई, हातात पिशवी, पिशवीत एक टाइप केलेला कागद. चहा पुढे केला तर म्हणाली, "आधी वाच माय, मंग पाज." मी वाचला. खाली फड कमिटीच्या चिटणिसाची सही. अभिमन, तुझी सही मी शाळेच्या पाटीपासून ओळखते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी कागदातली हकीकत. १० मार्चला बाजाराचा दिवस होता. वना पाटकऱ्याने निंबाच्या उसाला पाणी लावलं आणि तोही बाजाराला गेला. दुपारी कोणीतरी चारीच्या, म्हणजे पाटाच्या लहान फाट्याच्या, शेवटची, भिकुबाईच्या वावराच्या तोंडावर पाणी अडवणारी फळी काढली. पाणी भिकुबाईच्या उसात शिरलं, ऊस भरला, बांध ओलांडून खालच्या फडात उतरलं आणि चुडामण आबांच्या कापून ठेवलेल्या गव्हाच्या पेंढ्या भिजल्या. पंच बसले. भिकुबाई दोषी ठरली. शिक्षा: तिच्या वावराचं पाणी वर्षभर बंद.

मार्चमध्ये उसाचं पाणी वर्षभर बंद! हा निकाल नव्हे. ही कुऱ्हाड आहे, फक्त टाइप केलेली.

आणि निकालाखाली माझ्या भावाने काय लिहावं? "सदर निष्कर्ष तर्कशास्त्राच्या रीतीने काढला असून त्यात शंकेस जागा नाही." अभिमन, हे वाक्य वाचून माझ्या हातातला चहा सांडला. ती रीत तुला मी शिकवली. एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात, ओसरीवर, अभ्यासक्रमात नसताना, पुण्याहून वाचायला आणलेल्या पुस्तकातून. रिझोल्यूशन. आपण तिला खोडाखोडीची रीत म्हणायचो. पारावर बसलेल्यांना ती दोन मिनिटांत समजेल, तिच्यात गूढ काही नाही.

एका ओळीत 'हे किंवा ते' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या ओळीत 'हे नाही' असं असतं. 'हे' आणि 'हे नाही' एकमेकांना खोडतात, आणि 'ते' उरतं. झालं. सगळी रीत एवढीच. एखादी गोष्ट सिद्ध करायची असेल तर आधी तिच्या उलटं खरं धरायचं, मग खोडत जायचं. खोडता खोडता ओळ रिकामी झाली, काहीच उरलं नाही, तर समजायचं की धरलेल्या सगळ्या गोष्टी एका वेळी खऱ्या असूच शकत नाहीत.

तू केलंस ते असं. पहिली ओळ: फळी काढली जीवरामने किंवा निंबाने किंवा पुनाने किंवा भाईदासने किंवा भिकुबाईने. चारीवर वावरं पाचच, म्हणून नावं पाच. मग जीवराम बाजारात होता, खोड. निंबा बाजारात, खोड. पुना, भाईदास, खोड. मग धरलंस की भिकुबाईनेही काढली नाही. तिलाही खोडलंस. ओळ रिकामी. म्हणून भिकुबाईनेच काढली.

शाबास. तुझ्या एकाही पायरीत चूक नाही. वर्गात असतास तर पैकीच्या पैकी दिले असते. चूक पायऱ्यांत नाहीच, चूक जोत्यात आहे. ती पहिली ओळ तुला कोणी दिली? कोणी पाहिलं की फळी काढणारा या पाचांतलाच? तू चारीवरची वावरं मोजलीस आणि समजलास की जगात माणसंही तेवढीच.

आता मी एक जग मांडते. या जगात माणसं पाच नाहीत, सहा आहेत. सहाव्याला नाव नको, क म्हणू. वाटसरू असेल, मेंढपाळ असेल, बसमधून उतरलेलं कोणी असेल. क ने फळी काढली. आता तुझ्या कागदातली एकेक गोष्ट या जगात तपासून बघा. कोणीतरी फळी काढली? खरं. चौघे बाजारात होते? खरं. भिकुबाई घरी होती? खरं. पाणी तिच्या उसात गेलं? खरं. आबांचा गहू भिजला? खरं. आणि भिकुबाईने फळी काढली? खोटं! तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या सगळ्या गोष्टी खऱ्या, आणि तरी ती बाई निर्दोष. अशा जगाला आम्ही मॉडेल म्हणतो. असं एक जग मांडता आलं की निकाल कोसळतो. एकच पुरे. ते आपल्या गावात खरोखर घडलं होतं हे दाखवायची गरज नाही, घडू शकत होतं एवढं पुरे आहे.

निकाल मागे घ्या आणि पाणी सोडा. भिकुबाईची पुढची पाण्याची पाळी ३ एप्रिलला आहे.

कुंदा

ता. क. भिकुबाईला मी विचारलं, पंचांसमोर तू काय बोललीस? म्हणाली, "मी म्हंतू, पानी मन्हा वावरमा उनं, मी आनं नही. ते आबा म्हने, पानीले पाय शेत का?" पाणी आपणहून आलं म्हणते, पाण्याला काय पाय असतात, म्हणून सगळे हसले म्हणे. अभिमन, तूही हसलास का?


जळगाव
५ एप्रिल १९८९
(पोस्टकार्ड)

अभिमन,

तुझं उत्तर नाही आणि ३ तारखेची पाळीही गेली. हे मुद्दाम पोस्टकार्डावर लिहिते आहे. पोस्टमास्तर, शाळामास्तर, गिरणीवाला, ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं.

तुला एक नियम शिकवला होता. तो तू विसरलास, की अडचणीचा वाटला म्हणून विसरलास? 'कोणीतरी आहे' एवढंच ठाऊक असेल तर त्या कोणीतरीला कामापुरतं नाव देता येतं, पण ते कोरं नाव हवं. आधी कुठे न वापरलेलं. ज्याच्याबद्दल आधीच काही बोलून झालंय अशाचं नाव कोणीतरीला चिकटवायचं नाही. 'कोणीतरी चोरी केली, त्याला आपण गण्या म्हणू' असं म्हणायचं आणि मग शेजारच्या गण्याला धरून आणायचं, याला तर्क म्हणत नाहीत.

'कोणीतरी'ला भिकुबाईचं नाव का मिळालं ते मला ठाऊक आहे. तिच्या घरात पारावर उभं राहून ओरडणारा पुरुष नाही. तुमच्याकडे हे नाव आधीपासून तयार होतं, फक्त चिकटवायला जागा हवी होती.

कुंदा


जळगाव
१२ एप्रिल १९८९

अभिमन,

तुझं पत्र काल मिळालं. साडेपाच वर्षांनी तुझं पत्र आलं. उंच मात्रा अजून तशाच काढतोस.

तू लिहितोस, "अक्का, इतक्या वर्षांनी पत्र पाठवलंस, त्यात माझी तब्येत कशी, पोरी कितवीत, हा प्रश्नही नाही. तुझ्या शास्त्रात 'भाऊ' हे पद बसत नाही काय?" बसतं. दोन पदांचं आहे ते. एकाने नाकारलं तर दुसऱ्याला ते एकट्याने खरं करता येत नाही. साक्रीच्या सभेत मी तुझ्या उमेदवाराविरुद्ध बोलले, तेव्हा हजार माणसांत उभं राहून तू म्हणालास, "ही माझी अक्का नाही, हा नुसता माईक आहे." लोक हसले. मीही हसले, व्यासपीठावर होते म्हणून. घरी गेल्यावर हसले नाही.

पोरी कितवीत आहेत? सांग. तब्येत सांभाळ. आता मुद्द्यावर येते.

पारावर माझं पत्र वाचलं गेलं हे ऐकून बरं वाटलं. चुडामण आबांनी विचारलं म्हणे, "क ना बाप कोन? त्येनं वावर कोठे शे?" आणि वना पाटकरी म्हणाला, "आबा, तो सातबारावर नही, तो कॉलेजना फळ्यावर शे." चांगली कोटी आहे. वनाला माझा नमस्कार सांग. आणि हेही विचार, की पाणी लावून पाटकऱ्याने बाजाराला जावं हे फडाच्या कोणत्या रीतीत बसतं? त्याचं नाव निकालात का नाही?

तू लिहितोस, "तू काही सिद्ध करत नाहीस. फक्त म्हणतेस की सिद्ध झालं नाही. असलं अर्धं काम प्राध्यापकांना परवडतं, शेतकऱ्याला नाही. नाव आण आणि पाणी ने."

नाही आणणार!

अभिमन, नीट ऐक, आणि पारावर नीट वाच. एका निर्दोष माणसाला सोडवायचं तर त्याच्या जागी दुसरा दोषी आणून उभा करा, हा कुठला कायदा? हा तर देवीला बोकड नसेल तर कोंबडा चालेल असला हिशेब झाला. भिकुबाई निर्दोष राहण्यासाठी कोणी तिसऱ्याने पुढे येण्याची गरज नाही. ती आज, या क्षणी, काहीही न करता सुटलेली आहे. तुम्ही तिला बांधलेलं नीट बांधलेलंच नाही.

तुझी ती रिकामी ओळ पुन्हा बघ. खोडून खोडून काही उरलं नाही. ठीक. म्हणजे काय कळलं? की धरलेल्या गोष्टींपैकी निदान एक खोटी आहे. कोणती, ते ओळ सांगत नाही. ते आपण ठरवतो. तुमच्या समोर दोन गोष्टी होत्या. एक, 'फळी काढणारा या पाचांतलाच'. दुसरी, 'भिकुबाईने काढली नाही'. यातली एक टाकायची होती. पहिली टाकली असती तर गावाला म्हणावं लागलं असतं, आम्हांला ठाऊक नाही. पंचांना ते तीन शब्द जड गेले, म्हणून त्यांनी दुसरी टाकली. हे तर्काने केलं असं लिहू नकोस. तर्क दारापर्यंत आला होता. आत गेलात ते तुम्ही.

आणि आता त्या ठरावाबद्दल, ज्याबद्दल तू पत्रात चकार शब्द काढत नाहीस. जानेवारीत कमिटीने एक नवा ठराव केला. भिकुबाई तोही घेऊन आली होती. "वरच्या वावरास पुरेसे झाल्याशिवाय खालच्या वावरास पाणी सोडू नये." अक्षर तुझं. जुना नियम आहे, 'प्रत्येक पाळीत प्रत्येक वावराला पाणी', आणि तो तसाच ठेवलात. तिसरी गोष्ट कोणी लिहिलेली नाही, पण नदीला ठाऊक आहे. यंदा एका पाळीचं पाणी दोन दिवस टिकतं, आणि वरची चार वावरं ते दोन दिवसांत पिऊन टाकतात.

आता या तीन गोष्टी एकत्र खऱ्या असतील असं एक जग मला मांडून दाखव. वाटेल तेवढी माणसं घे, वाटेल ती नावं दे. वरच्यांना पुरेसं द्यायचं, खालच्यालाही द्यायचं, आणि पाणी दोनच दिवस. नाही मांडता येणार. कितीही हुशार असलास तरी नाही. ज्या नियमांना एकही मॉडेल नाही, ते नियम पाळता येत नाहीत. ते फक्त मोडता येतात. कोण मोडणार एवढंच ठरायचं असतं. अशा गावात गुन्हेगार शोधावा लागत नाही, ठराव लिहितानाच त्याची जागा तयार होते. ती जागा पाटाच्या शेपटाला असते.

जानेवारीपासून भिकुबाईच्या दोन पाळ्या बुडाल्या. तेव्हा जुना नियम मोडला. कोणी? वरच्या चौघांनी. त्यासाठी पंच बसले? खुर्च्या मांडल्या? टाइपरायटर काढला?

आपला बाप शेपटाचा होता, अभिमन. तो असता तर तू त्याच्यासमोर हा ठराव वाचला असतास का?

मी झुकणार नाही. तू तुझ्या पंचांना सांग, कुंदा नाव देणार नाही, कारण नाव मागण्याचा तुम्हांला अधिकार नाही.

तुझी
कुंदा


जळगाव
१७ एप्रिल १९८९

अभिमन,

हे पत्र आधी तू एकट्याने वाच. मग पारावर वाच. दोन्ही करायचंय.

वना शनिवारी इथे येऊन गेला. त्याच्या मेहुण्याला इथल्या दवाखान्यात ठेवलंय, त्याला भेटायला आला आणि माझ्याकडे डोकावला. मी म्हटलं, "माझ्यावर कोटी केलीस ना रे पारावर?" तर म्हणाला, "कोटी करी टाकी ताई, पन झोप नही येस." मग सांगितलं. भिकुबाई नदीवरून हंडे वाहून उसाच्या बुडाला पाणी घालते. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. "हंडाघाई ऊस जगस का, ताई? तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? मी तर्कशास्त्र शिकवते.

निघताना वना म्हणाला, "२४ ले पाळी शे. ती चुकनी ते मंग ऊस नही, सरपन."

आता लिहिते.

फळी मी काढली.

१० मार्चला मी गावी आले होते. कॉलेजला सांगितलं, धुळ्याला भाषण आहे. भाषण नव्हतं. तुला भेटायला आले होते. का, ते विचारू नकोस. वय होतं आहे, एवढंच. तुझ्या दाराला कडी होती. बाजाराचा दिवस हे मी विसरले होते. इतकी वर्षं गावाबाहेर राहिल्यावर माणूस गावचा बाजार विसरतो. खरं सांगायचं तर कडी बघून मला सुटल्यासारखं वाटलं. हजार माणसांपुढे बोलणारी तुझी अक्का तुझ्या उंबऱ्यापुढे काय बोलायचं ते ठरवून आली नव्हती.

चारच्या गाडीला वेळ होता. पाटाच्या कडेने निघाले. चारी भरून वाहत होती, निंबाचा ऊस गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि एका फळीपलीकडे भिकुबाईच्या उसाची पानं वळून सुतळीसारखी झाली होती. जमिनीला भेगा पडल्या होत्या. आसपास माणूस नाही. मी चपला काढल्या, चारीत उतरले आणि दोन्ही हातांनी फळी उपसली. पाणी गेलं. आयुष्यात मी इतकी भाषणं केली, पण एका भाषणानेही असा आवाज केला नाही.

ठरवलं होतं, अर्धा तास वाट बघू आणि फळी परत बसवू. तेवढ्यात लांबून गाडी दिसली. मी पळाले. फळी काठावरच राहिली. ऊस भरला, बांध फुगला, आबांचा गहू भिजला, आणि मी तोवर साक्रीच्या पुढे गेले होते. भाषण करून गाडी पकडायची माझी जुनी सवय. मागे काय भिजलं ते बघायला मी कधी थांबले नाही.

भिकुबाई कागद घेऊन आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तो चहा तुझ्या वाक्याने सांडला नाही, अभिमन. कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला मी तिला. ती जेवली. माझ्या समोर बसून म्हणाली, "जेनी फळी काढी त्येले देव सुखी ठेवो. मन्हा ऊस एक दिन ते पिना." आणि मी गप्प राहिले. तिला गाडीत बसवून परत आले आणि तुला सहा लोकांचं जग लिहून पाठवलं. 'बसमधून उतरलेलं कोणी' असंही लिहिलं. तुला हसू येईल.

गप्प का राहिले? मी स्वतःला सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. निर्दोष सोडवायला दोषी सापडावा लागत नाही. ते खरं आहे, आजही खरं आहे. पण खऱ्या वाक्याच्या आड लपता येतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तीन आठवडे मी एका खऱ्या वाक्याच्या आड बसले होते, आणि तिकडे एक बाई रोज वीस हंडे वाहत होती.

फडाची रीत चांगली आहे. शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही, म्हणूनच पांझरा नदीवर फड टिकले, माणसं एकमेकांच्या डोक्यात फावडी न घालता जगली. ती रीत मी मोडली. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या हाताने मोडली. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. बापाच्या वावरातला माझा हिस्सा तुझ्याकडे आहे, त्याचं पाणी बंद करा. गावात पाय ठेवू देऊ नका. आबांसमोर उभी करा, हसा. मी येते. २४ तारखेला सकाळच्या पहिल्या गाडीने येते आणि या वेळी गाडी बघून पळणार नाही.

पण एक गोष्ट तू पंचांना बजावून सांगशील. मी नाव दिलं ते तुम्ही मागितलं म्हणून नाही. तुमचं मागणं चुकीचं होतं आणि अजूनही आहे. उद्या पंच म्हणतील, "आता नाव मिळालं, म्हणून भिकुबाई सुटली." नाही! ती २५ मार्चला माझ्या दारात उभी होती तेव्हाही सुटलेलीच होती. मी मेले असते, मुकी असते, क हे अक्षर कायम फळ्यावरच राहिलं असतं, तरी तिचं पाणी बंद करायचा तुम्हांला अधिकार नव्हता. माझी कबुली तिच्या पाण्याची किंमत म्हणून घेऊ नका. तिच्या निर्दोषपणात माझा वाटा नाही. माझा वाटा फक्त माझ्या गुन्ह्यात आहे.

मला ठाऊक आहे तुम्ही काय कराल. म्हणाल, कुंदा येऊ दे, पंच बसू देत, तिचा जबाब लिहून घेऊ, सह्या करू, मग ठराव बदलू, मग पाणी. तेवढ्यात २४ जाईल, २५ जाईल आणि पाणी वरची चार वावरं पिऊन टाकतील. पंचांना घाई नसते. उसाला असते.

तू अजून शेपटाचाच आहेस, अभिमन. चिटणीस झालास म्हणून बापाचं वावर पाटाच्या डोक्याशी सरकलेलं नाही. तुला कोणाची परवानगी लागत नाही. पाटकऱ्याला पाणी लावायला सांगण्याचा अधिकार चिटणिसाला आहे, तो तूच तुमच्या नियमात लिहिलेला आहेस. माझ्यासाठी थांबू नकोस, माझं तोंड बघायचीही गरज नाही. सोमवारी २४ एप्रिलला दिवस उगवायच्या आत वनाला सोबत घेऊन चारीवर जा, आणि पहिलं पाणी भिकुबाईच्या उसाला लाव.

पंचांना माझ्यासाठी त्यानंतर बसव.

कुंदा